एसएटीचे गुण की कथ्थक? अमेरिकेतील नामांकित कॉलेजांच्या प्रवेशाबद्दल

प्रश्न : मध्यजर्सीची_आई

नमस्कार मंडळी.

माझी मुलगी मध्य न्यूजर्सीतील एका सरकारी हायस्कुलात अकरावीत आहे आणि तिचे कॉलेजचे अर्ज येत्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जातील. मार्चमध्ये तिने एसएटी, म्हणजे इथल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा, दिली. १६०० पैकी १४७० गुण मिळाले. त्यांतील ७८० गणिताचे आणि ६९० वाचन-लेखनाचे. शाळेतले गुण चांगले आहेत, दोन एपी विषय (हायस्कुलात शिकवले जाणारे कॉलेजच्या पातळीचे विषय) गेल्या वर्षी झाले आणि आणखी तीन विषयांच्या परीक्षा या मे महिन्यात आहेत. ती नऊ वर्षे कथ्थक शिकते आहे, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमध्ये मध्यमा पूर्णपर्यंत पोहोचली आहे, आणि दर रविवारी इथल्या मराठी शाळेत लहान मुलांना शिकवायला जाते. त्याखेरीज रोबोटिक्स क्लब, वादविवाद मंडळ, ग्रंथालयातील स्वयंसेवा, टेनिस आणि आणखी काही गोष्टी आहेत, ज्यांची नावे मलाही पटकन आठवत नाहीत.

अडचण अशी आहे की तिचा रंगमंच प्रवेश, म्हणजे पहिला एकल नृत्यप्रयोग, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरला आहे आणि तिच्या गुरूंनी जूनच्या मध्यापासून रोज तीन तास तालीम सांगितली आहे. यजमानांचे म्हणणे असे की सगळा उन्हाळा एसएटीच्या क्लासला द्यावा, ऑगस्टमध्ये परीक्षा पुन्हा द्यावी, १५५० च्या पुढे जावे आणि रंगमंच प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलावा. मुलगी त्याला तयार नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही मन होत नाही.

आम्हा दोघांचे शिक्षण महाराष्ट्रात झाले. यजमानांना बारावीच्या पीसीएमच्या गुणांवर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि एका गुणाने हुकलेले कॉलेज त्यांना तीस वर्षांनंतरही आठवते, त्यामुळे आमच्या घरात कोणत्याही कॉलेजचे नाव निघाले की पहिला प्रश्न ‘कट-ऑफ किती?’ हाच असतो. माझी गतही फार वेगळी नाही. आमच्याकडे महाराष्ट्रात इंटरमिजिएट चित्रकलेच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून कथ्थकचे इथे ‘किती गुण’ धरतात असा विचार माझ्याही मनात येतोच. तर ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे की १४७० आणि १५५० यांत प्रत्यक्षात किती अंतर मानले जाते, आणि नृत्य, मराठी शाळा, क्लब वगैरे गोष्टी खरोखर कोणी वाचते का? तिच्या यादीत रटगर्स आहे, प्रिन्स्टन आहे, कॉर्नेल आहे, ब्राउन आहे. विषय बहुधा पर्यावरण अभियांत्रिकी किंवा जीवशास्त्र.

प्रतिसाद १ : शिकागोचा_मास्तर

ताई, मी इलिनॉयमधील एका सरकारी हायस्कुलात एकवीस वर्षे गणित शिकवतो आणि दर वर्षी वीस-पंचवीस मुलांसाठी शिफारसपत्रे लिहितो. प्रवेश समितीत मी कधी बसलेलो नाही, त्यामुळे मी जे सांगतो आहे ते टेबलाच्या अलीकडून पाहिलेले आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

आधी कट-ऑफबद्दल. तुम्ही नाव घेतलेल्या नामांकित कॉलेजांमध्ये गुणांची उतरती यादी लावून वरून मुले घेत नाहीत. अर्ज वाचणाऱ्याच्या समोर मुलीच्या गुणांबरोबर तिच्या शाळेची माहितीपत्रिकाही असते: तिथे कोणते एपी विषय शिकवतात, मुलांचे सरासरी गुण किती, किती मुले चार वर्षांच्या कॉलेजात जातात. शाळेचा समुपदेशक एका प्रश्नाचे उत्तर देतो की त्या शाळेत जे उपलब्ध होते त्या तुलनेत या मुलीने निवडलेले विषय ‘सर्वांत कठीण’ होते, ‘बरेच कठीण’ होते की साधारण. म्हणजे १४७० हा आकडा एकटा वाचला जात नाही. ज्या शाळेची सरासरी हजाराच्या आसपास आहे तिथून आलेला १४७० वाचणाऱ्याला थांबवतो, आणि ज्या शाळेतून दर वर्षी डझनभर मुले १५०० ओलांडतात तिथला १४७० फक्त ‘ठीक’ ठरतो. मध्य न्यूजर्सीतील तुमची शाळा दुसऱ्या प्रकारची असेल असा माझा अंदाज आहे, म्हणून यजमानांच्या काळजीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही.

परंतु काळजी योग्य जागी करावी. गणिताच्या ७८० ला हात लावण्याचे कारण नाही. बरीच कॉलेजे वेगवेगळ्या दिवशीच्या परीक्षांतून प्रत्येक विभागाचे उत्तम गुण घेऊन बेरीज करतात, त्यामुळे तिला फक्त वाचन-लेखनावर काम करायचे आहे, आणि ६९० चे ७४० होणे हे काही महिनाभराच्या शिस्तशीर सरावाच्या बाहेरचे नाही. तिथून पुढे १५२० चे १५६० करण्यासाठी उन्हाळा खर्ची घालणे ही माझ्या मते शुद्ध उधळपट्टी आहे. बहुतेक कॉलेजे दर वर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाची माहिती प्रसिद्ध करतात. तिच्या ‘सी’ विभागात आदल्या वर्षी दाखल झालेल्या मुलांचे २५ व्या आणि ७५ व्या पर्सेंटाइलचे गुण असतात, आणि गुण, विषयांचा कठीणपणा, निबंध, शिफारसपत्रे, उपक्रम यांतील कशाला ते कॉलेज ‘अत्यंत महत्त्वाचे’ मानते आणि कशाला नुसते ‘विचारात घेते’, हेही लिहिलेले असते. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटापेक्षा ते वाचावे. एक सावधगिरी मात्र बाळगा: जिथे गुण पाठवणे ऐच्छिक आहे तिथे चांगले गुण असलेलीच मुले ते पाठवतात, म्हणून तिथले आकडे फुगलेले असतात.

आता उपक्रम. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक ऑनलाइन अर्जात, उपक्रमांचे दहा रकाने असतात. प्रत्येक रकान्यात वर्णनासाठी १५० अक्षरे मिळतात. शब्द नव्हे, अक्षरे, आणि मोकळ्या जागाही त्यांत मोजल्या जातात. शिवाय आठवड्याला किती तास आणि वर्षात किती आठवडे, हे लिहावे लागते. पालकांना वाटते की दहाही रकाने भरले पाहिजेत. माझा अनुभव असा की रकाने भरण्यासाठी भरलेले आहेत हे मलाही कळते, मग ज्याने दिवसात तीस-चाळीस अर्ज वाचले आहेत त्याला कळणार नाही का? तुमच्या मुलीने मराठी शाळेबद्दल ‘मराठी शाळेत स्वयंसेविका, लहान मुलांना भाषा आणि संस्कृती शिकवण्यास मदत केली’ असे लिहिले, तर हे वाक्य अमेरिकेतील कोणत्याही भाषेच्या कोणत्याही रविवारच्या शाळेला लागू पडते. त्याऐवजी ती खरोखर काय करते ते विचारा. समजा उत्तर असे आले की ‘पहिलीच्या नऊ मुलांचा वर्ग घेते, त्यांना ‘ळ’ म्हणता येत नाही म्हणून खेळ तयार केला’, तर या एका ओळीत वर्ग दिसतो, मुले दिसतात आणि अडचण ओळखून काही करणारी मुलगी दिसते. ‘ळ’ चे उदाहरण मी माझ्या घरावरून घेतले आहे. माझा मुलगा अजूनही ‘केली’ खातो.

एक मुलगा मला नेहमी आठवतो. वर्गात हुशार, पण एकाही क्लबात नाही. अर्जात उपक्रमांचे रकाने जवळजवळ कोरे ठेवून तो माझ्याकडे आला. विचारल्यावर कळले की दुपारी तीन ते सहा तो धाकट्या भावाला सांभाळतो आणि शनिवारी मामाच्या दुकानात हिशेब पाहतो. कॉमन ॲपमध्ये घरची जबाबदारी आणि नोकरी या दोन्हींसाठी स्वतंत्र वर्ग आहेत, हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते.

शिफारसपत्राच्या फॉर्मवर आम्हा शिक्षकांना काही गुणांबद्दल खुणा कराव्या लागतात: चांगला, खूप चांगला, वरच्या १० टक्क्यांत, वरच्या ५ टक्क्यांत, आणि शेवटचा रकाना ‘माझ्या कारकिर्दीत भेटलेल्या मोजक्यांपैकी एक’. हा शेवटचा रकाना मी एकवीस वर्षांत सहा-सात वेळाच भरला आहे. त्या मुलांपैकी सर्वांचे गुण वर्गात पहिले नव्हते, आणि दहा उपक्रम तर एकाचेही नव्हते.

ताई, जमल्यास एक करा. मुलीच्या यादीतील सगळ्या उपक्रमांचे आठवड्याचे तास एकदा बेरीज करून पाहा.

प्रतिसाद २ : आकडेमोड्या

मास्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण त्यांच्या लिहिण्यातून परीक्षेचे महत्त्व थोडे कमी झाल्यासारखे वाटते, आणि गेल्या तीन-चार वर्षांत वारे नेमके उलट दिशेने वाहिले आहे.

२०२० मध्ये कोविडमुळे परीक्षा केंद्रे बंद पडली आणि जवळजवळ सर्व नामांकित कॉलेजांनी गुण पाठवणे ऐच्छिक केले. परत फिरणाऱ्यांत एमआयटी पहिली; तिने मार्च २०२२ मध्येच परीक्षा पुन्हा सक्तीची केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये डार्टमथने तोच निर्णय घेतला, त्याच महिन्यात येलने परीक्षा सक्तीची केली पण एसएटी किंवा तिच्यासारख्याच एसीटी या परीक्षेऐवजी एपी किंवा आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचे गुणही चालतील असे म्हटले, मार्चमध्ये ब्राउन आले, एप्रिलमध्ये हार्वर्ड, कॅलटेक आणि कॉर्नेल. प्रिन्स्टनने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले की २०२७-२८ च्या अर्जांपासून गुण द्यावे लागतील, आणि त्या घोषणेनंतर आयव्ही लीगमध्ये (ईशान्येकडील आठ नामांकित खासगी विद्यापीठांच्या गटात) परीक्षा कायमची ऐच्छिक ठेवणारे कोलंबिया तेवढे उरले. म्हणजे ताई, तुमच्या मुलीच्या यादीत ब्राउन आणि कॉर्नेलला गुण द्यावेच लागतील, आणि प्रिन्स्टनला तिच्या वर्षापुरते, म्हणजे २०२६-२७ च्या अर्जांसाठी, न देण्याची मुभा आहे. तिला एक वर्षाने धाकटी बहीण असती तर त्या बहिणीला ही मुभा नसती.

डार्टमथने हा निर्णय घेण्यापूर्वी आपल्याच अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राच्या प्राध्यापकांकडून अभ्यास करून घेतला होता आणि त्यातील निष्कर्ष मला फार बोलका वाटतो. बेताच्या परिस्थितीतील, साधारण शाळांतील कितीतरी मुले १४०० च्या आसपासचे गुण ‘कमी’ समजून लपवत होती. त्यांनी ते पाठवले असते तर त्यांचा फायदाच झाला असता, कारण मास्तर म्हणतात तसे, समिती ते गुण त्यांच्या शाळेच्या मानाने वाचणार होती. परीक्षा ऐच्छिक केल्याने गरीब मुलांचे भले होईल या समजुतीला यामुळे चांगलाच धक्का बसला.

उपक्रमांबद्दल माझे मत जरा कडवट आहे. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये आयव्ही लीगची आठ आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो अशा एकूण १२ कॉलेजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एसएटी किंवा एसीटीचे गुण सारखेच असताना सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतील मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात या कॉलेजांत पोहोचतात, असे त्यांना आढळले. कारणे तीन: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, खेळाडूंची भरती, आणि अभ्यासाव्यतिरिक्तच्या गोष्टींना दिलेले महत्त्व, ज्यांत खासगी शाळांतील मुले सरस ठरतात. त्याहून पुढची गोष्ट अशी की कॉलेजनंतरच्या यशाशी परीक्षेच्या गुणांचा आणि अभ्यासाच्या मूल्यांकनाचा संबंध दिसला, या तीन गोष्टींचा दिसला नाही. नौकानयन, तलवारबाजी, उन्हाळ्यात कुठल्या तरी बेटावर जाऊन केलेली ‘समाजसेवा’, यांची किंमत डॉलरांत मोजता येते. २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या कॉलेज प्रवेशांच्या गैरव्यवहारात तर रिक सिंगर या सल्लागाराने, कधी न खेळलेल्या मुलांची खेळाडू म्हणून छायाचित्रे बनवून घेण्यापर्यंत मजल मारली होती.

प्रवेशात वंशाचा विचार करण्यावरून हार्वर्डवर झालेल्या खटल्यात, ज्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये दिला, बाहेर आलेली कागदपत्रे आपल्या मंडळींनी वाचण्यासारखी आहेत. तिथे अर्जदाराला अभ्यास, उपक्रम, खेळ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ अशा स्वतंत्र श्रेणी दिल्या जात, आणि त्यांत १ सर्वांत वरची. आशियाई वंशाच्या मुलांच्या अभ्यासाच्या आणि उपक्रमांच्या श्रेणी उत्तम असूनही व्यक्तिमत्त्वाची श्रेणी सरासरीने खालची होती. त्याचा अर्थ काय लावावा यावर दोन्ही बाजूंनी तज्ज्ञ भांडले. मी त्यातून घेतले ते एवढेच की उपक्रमांची संख्या वाढवून त्या चौथ्या रकान्यात काही फरक पडत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. रंगमंच प्रवेश ही एका संध्याकाळची गोष्ट आहे, आणि सभागृह, साथसंगत, पोशाख, जेवण यांवर होणारा खर्च पाहता, तो नुसता उल्लेख म्हणून अर्जात आला तर वाचणाऱ्याला त्यात पैसाच आधी दिसेल. वजन आहे ते नऊ वर्षांना. मुलीने नृत्याबद्दल लिहायचे ठरवलेच तर एखाद्या तोड्यावर (कथ्थकमधील बोलांच्या रचनेवर) अडलेल्या महिन्याबद्दल लिहावे. प्रिन्स्टनसारखी काही कॉलेजे नृत्याचे चित्रीकरण ऐच्छिक पुरवणी म्हणून स्वीकारतात, आणि ते तिथले नृत्याचे जाणकार पाहतात. तयारी खरी असेल तर ते पाठवणे कोणत्याही क्लबच्या उपाध्यक्षपदापेक्षा बरे. आणि परीक्षा ऑगस्टमध्ये कशाला, जूनमध्ये द्यावी. एपीच्या परीक्षा मेच्या मध्यास संपतात, तालमी जूनच्या मध्यास सुरू होतात, मधले तीन-चार आठवडे वाचन-लेखनाला पुरतात. परीक्षा आता संगणकावर होते, सव्वादोन तासांहूनही थोडी कमी, एकूण ९८ प्रश्न, आणि पहिल्या भागातील कामगिरीवर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. ब्लूबुक या ॲपवर पूर्ण सराव परीक्षा फुकट आहेत. हजारो डॉलरचा क्लास लावायचा असेल तर लावा, पण त्यासाठी नाच थांबवू नका.

प्रतिसाद ३ : ऑस्टिनकर

वरील दोन्ही प्रतिसाद आयव्ही लीगच्या अंगाने गेले, म्हणून सरकारी विद्यापीठांबद्दल थोडे लिहितो. राज्य बदलले की नियम बदलतो, आणि आपली मंडळी शेजारच्या राज्यातील भाच्याचा अनुभव सरसकट लावतात.

आमच्या टेक्सासात १९९७ पासून कायदा आहे की हायस्कुलातील क्रमवारीत वरच्या १० टक्क्यांत आलेल्या मुलाला राज्याच्या विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळावा. यूटी ऑस्टिनसाठी, म्हणजे ऑस्टिनमधील टेक्सास विद्यापीठासाठी, ही मर्यादा आकसत गेली आणि २०२६ च्या प्रवेशासाठी ती ५ टक्के आहे. या मुलांच्या बाबतीत विद्यापीठात प्रवेश क्रमावर ठरतो, कथ्थकवर ठरत नाही आणि एसएटीवरही नाही. पण मेख अशी की हवा तो विषय मिळण्याची हमी नाही. संगणकशास्त्र किंवा इंजिनिअरिंग मागितले की निबंध, उपक्रम, गुण हे सगळे पुन्हा पाहिले जाते, आणि यूटीने परीक्षेची सक्तीही परत आणली आहे. माझी मुलगी सातव्या टक्क्यात होती. आमच्या घरी त्या दोन टक्क्यांवर जी चर्चा झाली, ती ताईंच्या यजमानांच्या त्या एका गुणाइतकीच लांब चालली.

कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे, नेमकी उलट स्थिती. मे २०२० मधील निर्णयानंतर तिथे प्रवेशासाठी एसएटी पाहतच नाहीत. १६०० पैकी १६०० असले तरी ते कोणी वाचणार नाही. तिथे शाळेचे गुण, २० पर्यंत उपक्रम व पुरस्कार, आणि आठांपैकी चार प्रश्नांची प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तरे यांवर काम चालते. तेव्हा ‘अमेरिकेत एसएटीला किती महत्त्व आहे’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कॉलेजचे नाव सांगा, मग बोलू.

प्रतिसाद ४ : कोथरूडहून

आम्ही पुण्यात असतो, पण मुलाने गेल्या वर्षी इथूनच अमेरिकेतील कॉलेजांना अर्ज केले, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

आमच्या सोसायटीत जेईई देणाऱ्या मुलांना एक निश्चिंती असते: आयआयटीला जेईई ॲडव्हान्स्डचा क्रमांक आणि बारावीची किमान अट, याखेरीज कोणी काही विचारत नाही. आम्हाला ती निश्चिंती नव्हती, म्हणून एका सल्लागाराकडे गेलो. त्यांनी पहिल्याच भेटीत छापील तक्ता पुढे ठेवला. त्यात ‘संस्थेची स्थापना’, ‘संशोधन लेख’, ‘ग्रामीण भागातील प्रकल्प’ अशी शीर्षके आणि प्रत्येकापुढे रक्कम होती. मुलाच्या स्वतःच्या उद्योगांबद्दल त्यांनी विचारले तेव्हा त्याने सांगितले की आमच्या इमारतीत येणाऱ्या टँकरच्या नोंदी तो दोन वर्षे ठेवतो आहे: कोणत्या दिवशी किती टँकर, वरच्या टाकीची पातळी सकाळी किती, रात्री किती. पाहुण्यांपुढे आम्ही त्याची यावरून चेष्टा करत असू. त्याच नोंदींवरून कमिटीच्या लक्षात आले होते की रात्री कोणी पाणी वापरत नसतानाही पातळी उतरते, आणि जमिनीखालची गळती सापडली. सल्लागार म्हणाले, ‘हे काढून टाका, यात काही भव्य नाही.’

आम्ही त्यांना दिलेल्या शुल्कावर पाणी सोडले आणि टँकर ठेवला. एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्याने ऑनलाइन मुलाखत घेतली, तीत अर्ध्याहून अधिक वेळ पाण्याच्या टाकीवर गेला. त्याच कॉलेजात त्याला शिष्यवृत्तीसह जागा मिळाली. टँकरमुळेच मिळाली असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, कारण तीच ओळ वाचून पाच कॉलेजांनी नकारही दिला. त्याचे एसएटीचे गुण १५१० होते आणि ते सगळीकडे पाठवले. भारतातून अर्ज करणाऱ्याची शाळा तिथल्या वाचणाऱ्याला माहीत असेलच असे नाही. अशा वेळी त्याला ओळखीचा असलेला आकडा तेवढाच, असे मला वाटते.

आर्थिक मदत हवी असणाऱ्यांसाठी एक सूचना. परदेशी मुलांचा अर्ज पाहताना पैशाची गरज लक्षात न घेणारी कॉलेजे मोजकी आहेत; हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट, बोडन ही त्यांतली. बाकीच्या बहुतेक ठिकाणी मदत मागितली की तेवढ्यानेच स्पर्धा कठीण होते, मग गुण आणि उपक्रम कितीही चांगले असोत. ही बाब आम्हाला त्या छापील तक्त्यात कुठेही दिसली नव्हती.

मध्यजर्सीची_आई

सर्वांचे मनापासून आभार. मास्तरांनी सांगितले तशी बेरीज केली. मुलीने प्रामाणिकपणे लिहिलेले आणि मी थोडे वाढवून सुचवलेले तास मिळून आठवड्याचे ४७ झाले. शाळा, गृहपाठ आणि झोप त्यात धरली तर आठवड्यात जेवायलाही वेळ उरत नाही, हे यजमानांनीच कागदावर मांडून दाखवले, आणि दुर्दैवाने त्यांची आकडेमोड नेहमीप्रमाणे बरोबर होती. नववीत सोडलेले टेनिस गेले, रोबोटिक्स गेले (तिथे ती फक्त मैत्रिणीसाठी जात होती, हे मला काल कळले), आणि ज्या दोन मंडळांची नावे मला आठवत नव्हती ती तिलाही आठवली नाहीत. दहाच्या जागी आता सहा उरले आहेत.

जूनच्या परीक्षेसाठी नाव नोंदवले. रंगमंच प्रवेश ठरल्या तारखेला होईल. यजमानांनी एक अट घातली आहे की जूनमध्ये १५०० च्या खाली राहिली तर ऑगस्टमध्येही बसायचे, पण तालीम न थांबवता. मुलीने ती मान्य केली, कारण रविवारी सराव परीक्षेत वाचन-लेखनाचे ७२० आले आणि तिचा सूर जरा चढा आहे. प्रिन्स्टनला गुण पाठवायचे की नाही, ते जूनचा निकाल पाहून ठरवू. टाकीची गोष्ट यजमानांना फार आवडली. कोथरूडच्या ताई, गळती नेमकी कुठे होती, असे त्यांनी विचारायला सांगितले आहे.

मास्तर, तुमचे ‘ळ’ चे उदाहरण तिला वाचून दाखवले. तिच्या वर्गात नऊ नव्हे, अकरा मुले आहेत, आणि ‘ळ’ साठी ती त्यांना जीभ मागे वळवून टाळूला लावायला आणि ‘काळा कावळा’ म्हणायला लावते. मलाही हे माहीत नव्हते. मी तिला दाराशी सोडते आणि किराणा आणायला जाते. आता ते इंग्रजीत कसे लिहायचे, यावर तिचे दोन दिवस चालले आहेत. ‘ळ’ म्हणजे काय ते नुसते सांगण्यातच १५० पैकी ६२ अक्षरे जातात.